नव्या घराआधीचं बिऱ्हाड

मुलुंड, विलेपार्ले, बोरिवली, चेंबूर, ठाण्यातला नौपाडा, पुण्यातलं कोथरूड आणि एरंडवणे. यांतल्या कुठल्याही भागात दोन गल्ल्या चालून गेलं की पत्र्यांनी वेढलेली एक तरी इमारत दिसते. खिडक्या-दारं काढून नेलेली असतात. तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी देवघराच्या फरश्या उघड्यावर पडलेल्या असतात. साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या सहकारी सोसायट्या आता पाडायच्या वयाला आल्या आहेत. मुंबईत २०३४ ची विकास नियमावली आणि उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित नियमावली आल्यावर जादा चटईक्षेत्र मिळू लागलं, आणि जुनी इमारत पाडून नवी बांधणं विकासकांना परवडू लागलं.

या पुनर्विकासाबद्दल मराठी घरांमध्ये गेली काही वर्षं जेवढं बोललं जातं तेवढं मुलांच्या लग्नाबद्दलही बोललं जात नसेल. वाढीव जागा किती, विकासकाकडून एकरकमी मिळणारा कॉर्पस किती, पार्किंग एक की दोन, लिफ्ट कुठल्या कंपनीची. सर्वसाधारण सभा रात्री बारापर्यंत चालतात. पण नवं घर मिळण्याआधी जुनं घर रिकामं करून तीन-चार वर्षं दुसरीकडे काढायची असतात, आणि या मधल्या बिऱ्हाडाची तयारी मात्र बहुतेक ठिकाणी शेवटच्या महिन्यावर ढकललेली दिसते. नोटीस येते, तीस किंवा पंचेचाळीस दिवसांत चाव्या द्या. मग सगळी इमारत एकाच वेळी घर शोधायला बाहेर पडते. माझं म्हणणं एवढंच आहे की विकासक निवडायच्या सभेतच घर सोडण्याच्या नियोजनाचीही सुरुवात झाली पाहिजे. ते नियोजन ज्याचं त्याने करायचं खासगी काम नाही, ते सोसायटीचं काम आहे.

सरकारी नियम या बाबतीत सदस्याच्या बाजूने बरंच काही सांगतात. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली पुनर्विकासाची कार्यपद्धती पहिल्यांदा ३ जानेवारी २००९ रोजी ठरवून दिली गेली आणि ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ती सुधारली गेली. सभेला दोन तृतीयांश सदस्यांची गणपूर्ती, ठरावाला एकूण सदस्यांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, सभेचं चित्रीकरण, विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी, हे सगळं त्यात आहे. सर्वांत मोलाचं कलम म्हणजे सगळ्या कायदेशीर मंजुऱ्या मिळाल्यानंतरच सदस्यांनी जागा रिकाम्या करायच्या. मुंबईत याचा व्यवहारातला अर्थ ‘आयओडी आली का’, म्हणजे महापालिकेची अटींसह मिळणारी बांधकाम मंजुरी आली का, असा असतो. सभेत सगळ्यांच्या तोंडी असलेला हा शब्द हातात कागद घेऊन वाचणारे मात्र थोडे. तो वाचावा, त्यातल्या अटी वाचाव्यात. आपल्या स्वतःच्या नव्या घराचा वैयक्तिक करार, म्हणजे कितव्या मजल्यावरचं, किती कार्पेट क्षेत्राचं, कुठल्या तारखेपर्यंत, हे सगळं लिहिलेला करार नोंदणी कार्यालयात नोंदवून घ्यावा आणि मगच चावी द्यावी.

हे इतक्या जोर देऊन सांगायचं कारण गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये आहे. पत्रा चाळ म्हणून ती वसाहत ओळखली जाते. २००८ साली तिथल्या ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनाचा करार झाला. कुटुंबं बाहेर पडली. पुढे काम थांबलं, भाडं थांबलं, प्रकरण चौकशी यंत्रणांकडे गेलं, २०१८ मध्ये म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, विकासकाबरोबरचा करार रद्द केला आणि रखडलेलं काम शेवटी स्वतःच हाती घेतलं. घर सोडताना जी मुलं शाळेत होती त्यांची लग्नं भाड्याच्या घरांतून झाली. चाव्यांची वाट पाहता पाहता गेलेल्या वडीलधाऱ्यांची संख्या थोडी नाही. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींतून संक्रमण शिबिरांत गेलेल्या अनेक घरांची तर तिसरी पिढी तिथे वाढते आहे. तात्पुरतं म्हणून थाटलेलं बिऱ्हाड किती लांबू शकतं, हे या शहराला पक्कं माहीत आहे.

त्याच शहरात वरळीची बीडीडी चाळही आहे. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने कामगारांसाठी बांधलेल्या या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळी. खोली १६० चौरस फुटांची, नळ-संडास मजल्यावर सामाईक. म्हाडाने पुनर्विकास हाती घेतला, ऑगस्ट २०२१ मध्ये वरळीचं काम सुरू झालं आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मधल्या काळात संक्रमण गाळा किंवा महिना २५ हजार रुपये भाडं, असा पर्याय तिथल्या रहिवाशांपुढे होता. घर सोडण्याआधी करार हातात हवा, पात्रता आधी ठरायला हवी, यासाठी तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं बैठका घेतल्या, सर्वेक्षण अडवलं, आंदोलनं केली. तेव्हा त्यांना अडेल म्हटलं गेलं. मला ते शहाणे वाटतात.

विकासकाकडून मिळणाऱ्या भाड्याचा हिशेब कागदावर नेहमी जमतो. रस्त्यावर उतरल्यावर तो बिघडतो, कारण एकाच वॉर्डात पाच-सात इमारती एकाच हंगामात रिकाम्या होत असतात आणि सगळ्यांना त्याच शाळेजवळ, त्याच स्टेशनजवळ, त्याच डॉक्टरांजवळ घर हवं असतं. घरमालकांना हे कळतं. करारात ठरलेलं भाडं दोन वर्षांपूर्वीच्या बाजारभावाचं असतं. म्हणून वाटाघाटीतच वार्षिक वाढ, दलाली, सामान हलवण्याचा खर्च जायचा आणि यायचा असा दोन्ही वेळचा, आणि काम लांबलं तर पुढच्या महिन्यांचं भाडं कसं मिळणार, हे लिहून घ्यायला हवं. पुढच्या तारखांचे चेक साधारण पहिल्या अकरा महिन्यांचे मिळतात. बाराव्या महिन्याची जबाबदारी कुणाची, हे विचारणारा एक तरी सदस्य सभेत असावा. आणि या भाड्यातून कर कापायचा की नाही या वादावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की ही रक्कम म्हणजे उत्पन्न म्हणून मिळणारं भाडं नव्हे, त्यावर टीडीएस लागत नाही.

भाड्याचा करार अकरा महिन्यांचाच करावा लागतो, ही आपल्याकडची घट्ट समजूत आहे. तशी सक्ती नाही. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंतच्या मुदतीचं करता येतं आणि तेवढ्या मुदतीला मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का इतकंच आहे, त्यात अनामत रकमेवरचं ठरलेलं व्याज धरतात. ज्यांना तीन वर्षं काढायची आहेत त्यांनी घरमालकाला छत्तीस महिन्यांचा करार मागावा. सगळे देतील असं नाही, पण मागितल्याशिवाय कुणीच देत नाही. अकरा महिन्यांनी पुन्हा घर बदलणं म्हणजे पुन्हा दलाली, पुन्हा टेम्पो, पुन्हा शाळेच्या बसचा मार्ग, आणि घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर पुन्हा एकदा रात्री न्हाणीघर शोधणं. करार नोंदवलेलाच हवा. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ खाली ती घरमालकाची जबाबदारी आहे. आता आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या नोंदणी होते, त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या मालकाचं घर सोडून द्यावं.

घर मिळण्यात सगळ्यांची अडचण सारखी नसते. दोघं कमावती, एक मूल, अशा कुटुंबाला आठवडाभरात मिळतं. एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईला मिळत नाही. मालक तोंडावर सांगत नाहीत, फोन उचलणं बंद करतात. उद्या बाईंना काही झालं तर, हा मालकांच्या मनातला प्रश्न असतो. धर्म किंवा जात विचारून नकार देणारेही आहेत. मांसाहार न करण्याची अट घालणारे आहेत. वयस्कर नवरा-बायकोची मुलं अमेरिकेत किंवा बंगळुरूला असतील तर दलाल चौथ्या मजल्यावरचं, बिनलिफ्टचं घर दाखवून बाजूला होतो. ज्या सोसायट्यांनी हे ओळखलं तिथे समितीतल्या दोघा-तिघांनी आधी अशा सदस्यांची घरं शोधली आणि मग स्वतःची. याला नियम नाही, शासन निर्णय नाही. सोसायटीला ‘सहकारी’ म्हणतात ते एवढ्यासाठी तरी खरं ठरावं असं मला मनापासून वाटतं.

काही घरांनी वेगळी वाट काढली. कोकणात किंवा देशावर गावचं घर शाबूत असेल तर म्हातारी माणसं तिकडे जातात. कल्पना चांगली वाटते, पण तालुक्याला हृदयरोगाचा डॉक्टर आहे का, पावसाळ्यात वीज किती वेळ जाते आणि रात्री-अपरात्री हाक मारायला शेजारी कोण आहे, हे आधी एक पावसाळा तिथे राहून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

कागदपत्रांचं काम सगळ्यांत आधी सुरू करावं, कारण ते आपल्या हातात नसतं. ज्या घराचा मूळ मालक वारला आहे आणि भावा-बहिणींनी वारसनोंद केलेली नाही, त्या घराचा करार अडतो आणि त्याच्यामुळे इमारत अडते. नॉमिनी म्हणजे मालक, असं अजूनही पुष्कळ लोक धरून चालतात. नॉमिनीच्या नावावर सोसायटीतलं तात्पुरतं सभासदत्व होतं, मालकी हक्क वारसाहक्कानेच ठरतो. हा विषय काढायला घरोघरी लोक बिचकतात. दिवाळीत सगळी भावंडं एकत्र येतात तेव्हाच तो काढावा, वकिलाच्या नोटिशीने काढण्यापेक्षा ते बरं. मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची आणि मेंटेनन्सची पावती, हे सगळं एका फाइलमध्ये घालून बँकेच्या लॉकरमध्ये जावं, टेम्पोत नाही. घर सोडण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढून, मोजमाप घेऊन ठेवावं. जुन्या घराचा पुरावा नंतर फक्त तेवढाच उरतो.

मग बाकीचे अर्ज. पाइप गॅस असेल तर जोडणी बंद करायची आणि नव्या ठिकाणी पाइप नसेल तर सिलिंडर मिळवायचा. पाइप आला तेव्हा ज्यांनी सिलिंडर परत केले त्यांची इथे धावपळ होते. सिलिंडर असेल आणि शहर तेच असेल तर वितरक बदलून घेता येतो, सिलिंडर आणि रेग्युलेटर आपल्याकडेच राहतात. शहर बदललं तर मात्र सिलिंडर जमा करून व्हाउचर घ्यावं लागतं. मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी आता एकच अर्ज आहे, फॉर्म ८. जुन्या पत्त्यावर इमारतच नसेल तर घरोघर पडताळणीला येणाऱ्या माणसाला तिथे कुणी सापडत नाही, आणि नाव वगळलं जाण्याची भीती राहते. हा अर्ज लोक सगळ्यांत जास्त विसरतात. टपाल कार्यालयात टपाल नव्या पत्त्यावर वळवण्यासाठी अर्ज द्यावा. एलआयसीची, कोर्टाची, पेन्शनची पत्रं अजून टपालानेच येतात.

पेन्शनवरून आठवलं. पाडकामं बहुधा पाऊस संपल्यावर सुरू होतात, त्यामुळे घरं रिकामी करायच्या नोटिसा पुष्कळदा दसरा-दिवाळीच्या सुमारास लागतात. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यायचा असतो. सामानाच्या गडबडीत तो राहिला तर डिसेंबरपासून पेन्शन अडकते. घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून हा दाखला आता देता येतो. मुलांनी किंवा नातवंडांनी खोकी बांधायला घेण्याआधी हे एक काम उरकून टाकावं.

आता माळ्याकडे येऊ. मुंबई-पुण्याच्या जुन्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरावर किंवा स्वयंपाकघरावर सिमेंटचा माळा असतो, आणि घर हलवण्याचं खरं काम तिथे असतं. तांब्याचा बंब, लग्नात आलेले स्टीलचे डबे देणाऱ्यांच्या नावांसकट, पितळी पातेली, ज्यांना कल्हई करणारा आता मिळत नाही, सतरंज्या, पाळणा, फोल्डिंगची खाट, कॅरम बोर्ड, गणपतीचं थर्माकोलचं मखर, लोखंडी ट्रंक, ट्रंकेत पत्रं. पत्र्याच्या ट्रंका उघडायला वेळ राखून ठेवावा. मुलुंडच्या आमच्या इमारतीत मी शेजारच्या काकूंना मदत करायला गेले तेव्हा ट्रंकेत त्यांच्या सासऱ्यांची पोस्टकार्डं निघाली, बेळगावहून पाठवलेली, तारीखवार दोऱ्याने बांधलेली. काकू खाली बसल्या आणि वाचत राहिल्या. त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही, आणि व्हायला नकोच होतं.

ट्रंकेत मोडी कागद निघाले तर रद्दीत घालू नका. जमिनीची, देवस्थानाची, वतनाची कागदपत्रं असू शकतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशी जुनी कागदपत्रं जपण्याचं काम करतं आहे. अशा संस्थांमध्ये जाणकाराला दाखवून घ्या. पुस्तकांचं अवघड आहे. ग्रंथालयांकडे जागा नाही, ती सरसकट पेट्या घेत नाहीत. त्यांना आधी यादी द्यावी, काय हवं ते त्यांनी निवडावं. जुन्या दिवाळी अंकांचे संपूर्ण संच मात्र एखाद्या अभ्यासकाला फार उपयोगी पडतात, ते सुटे करून विकू नयेत.

टाकायचं ठरवताना एक चूक घरोघरी होते. तरुण मंडळी ‘हे नको, ते नको’ म्हणत झपाट्याने ढीग लावतात आणि आजी कोपऱ्यातून पाहत असतात. त्यांच्या हातून भांडी जावीत, त्यांनी ठरवावं कुठलं पातेलं नातीला आणि कुठलं मोडीत. महिनाभर रोज तास-दोन तास त्यांच्याबरोबर बसलं तर काम होतं. शेवटच्या तीन दिवसांत होत नाही.

गोदरेजचं कपाट हा स्वतंत्र विषय आहे. १९२३ पासून ही स्टीलची कपाटं बनताहेत आणि एकदा घरात आलेलं कपाट घराचं होऊन जातं. जुनं कपाट सुटं होत नाही. ते पूर्ण रिकामं करावं, आतलं लॉकर उघडून पाहावं, दारं बंद करून दोरीने बांधावीत, खाली गोणपाट घालून उचलावं. जायच्या घराचा जिना आणि लिफ्ट आधी टेपने मोजून यावं. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, पाणी निथळून, उभाच न्यावा आणि पोहोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करावा. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला प्रवासासाठी बोल्ट लागतात, ते कंपनीने पहिल्या दिवशी काढून दिलेले असतात आणि बहुतेकांनी फेकलेले असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असतं, ती आडवी करू नये. खोकं जड झालं की त्याचा तळ सुटतो, म्हणून पुस्तकं लहान खोक्यांत आणि चादरी मोठ्या खोक्यांत. काचेच्या भांड्यांना जुन्या सुती साड्यांइतकं चांगलं काही नाही. खोक्यावर ‘स्वयंपाकघर’ एवढंच न लिहिता पहिल्या संध्याकाळी काय लागेल ते वेगळं बांधावं. चहाचं भांडं, साखर, गॅसचा लायटर, दोन चादरी, मोबाइलचे चार्जर, आणि औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. ही पिशवी माणसाच्या हातात राहावी. मोठ्या ट्रकची गरज क्वचितच पडते. चाळीच्या किंवा जुन्या गल्लीच्या तोंडातून ‘छोटा हत्ती’ म्हणतात तो लहान टेम्पोच आत येतो, त्याच्या दोन फेऱ्या धरून चालाव्यात. मूव्हर्स-पॅकर्सकडून भाव घेताना घरी येऊन सामान पाहूनच घ्यावा आणि तो लिहून घ्यावा. फोनवर ठरलेली रक्कम सामान गाडीत चढल्यावर वाढल्याच्या तक्रारी सगळीकडे ऐकू येतात.

म्हाताऱ्या माणसांना नव्या घरात सगळ्यांत जास्त धोका पहिल्या काही रात्रींचा असतो. पन्नास वर्षं डावीकडे असलेलं न्हाणीघर आता उजवीकडे आहे. झोपेत पाय जुन्या सवयीने चालतात. पलंग जुन्या घरात भिंतीच्या ज्या बाजूला होता त्याच बाजूला लावावा, रात्रभर जळणारा छोटा दिवा असावा, न्हाणीघरात धरायची दांडी सामान येण्याआधी बसवून घ्यावी. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला खोकी बांधायच्या दिवशी दुसऱ्या नातेवाइकाकडे न्यावं आणि पलंग, देव, घड्याळ जागेवर लागल्यावर आणावं. जुन्या इमारतीखालचा बाक, संध्याकाळचा कट्टा, भजनी मंडळ हे मधल्या काळात कुठे जमणार, हेही ठरवता येतं. काही इमारतींच्या रहिवाशांनी महिन्यातून एकदा जवळच्या देवळाच्या सभामंडपात भेटायचं ठेवलं आहे. हे मला भाड्याच्या चेकइतकंच महत्त्वाचं वाटतं.

सण येतातच. पितृपक्षात कुणी घर बदलत नाही, अमावस्या टाळली जाते, आणि विकासकाची तारीख त्यातच आली तर सोसायटीने एकमुखाने पुढची तारीख मागावी, ती मिळते. गणपतीची पंचाईत जास्त. पाच दिवसांचा गणपती भाड्याच्या घरात बसवायला मालकाची हरकत नाही ना, हे करार करतानाच विचारून घ्यावं. भाऊ दोन ठिकाणी विखुरले असतील तर मधल्या वर्षांत कुणाकडे, हे आधी ठरावं. नव्या जागेत पहिल्यांदा जाताना देव, पाण्याने भरलेला कलश, मीठ आणि नवी केरसुणी आत नेतात, दूध उतू जाऊ देतात. घर भाड्याचं आहे म्हणून यातलं काही वगळू नये. तीन वर्षं माणसं तिथेच जेवणार-झोपणार आहेत.

जिच्याबद्दल सभेत एक शब्दही निघत नाही ती बाई म्हणजे त्या इमारतीतल्या सहा घरांची धुणी-भांडी करणारी. इमारत रिकामी होते त्या महिन्यात तिची सहाही कामं एकदम जातात. जिन्याखाली इस्त्रीचं टेबल लावणारा, खोलीत राहणारं वॉचमनचं कुटुंब, पेपर टाकणारा, दूधवाला, यांनाही भाडं किंवा कॉर्पस मिळत नाही. आपण त्यांना नोटीस कधी देतो? बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात. घरकामाच्या बाईला निदान दोन-तीन महिने आधी सांगावं, जाताना दोन-तीन महिन्यांचा पगार द्यावा, नव्या भागातल्या ओळखीच्या घरांत शब्द टाकावा. सोसायटीच्या शिल्लक निधीतून वॉचमन आणि सफाई कामगारांना रक्कम देण्याचा ठराव सर्वसाधारण सभा करू शकते.

तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची पहिली सभा व्हायची असेल, तर विषयपत्रिकेत चौरस फुटांच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्यायला सेक्रेटरींना सांगा: एकट्या आणि वृद्ध सदस्यांची घरं कोण शोधणार, बाराव्या महिन्यापासूनचं भाडं कसं मिळणार, आणि इमारतीवर पोट असणाऱ्यांना काय देणार. आणि नोंदवलेला करार व मंजुरीचा कागद स्वतः वाचल्याशिवाय चावी देऊ नका.